रांगेतलं रांगेतच

ग्लेंडा स्टॅम्परने एकदा मनावर घेतलं की तिला अडवण्यात अर्थ नसतो, हे मिलर्स फोर्डमधल्या पोरासोरांनाही माहीत आहे. पोरासोरांना तर जरा जास्तच, कारण गावच्या शाळेत दुपारच्या ताटात काय पडणार आणि किती पडणार हे गेली कित्येक वर्षं तीच ठरवत आली आहे. गाजराचे तुकडे तसेच टाकून उठू पाहणाऱ्या पोराकडे ती नुसती बघते. पोरगं परत खाली बसतं. आज गावात दाढ्या राखून मोठमोठे ट्रक हाकत फिरणाऱ्यांपैकी निम्मेअधिक जण तिची गाजरं मुकाट्याने गिळूनच वाढलेले आहेत.

अशा या बाईने गेल्या थँक्सगिव्हिंगला ठरवलं की सणाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी पहाटे, सवलतीच्या खरेदीसाठी हॅडलीज दुकानाच्या दारात रांग लावायची. गंमत एवढीच की रांग लावायची रीत तोवर आमच्या गावातून उठून गेली होती.

थँक्सगिव्हिंग म्हणजे घरच्यांचा सण, असं सगळेच म्हणतात. नोव्हेंबर सरता सरता एका गुरुवारी लांबलांबची मुलंबाळं घरी येतात, टर्की भाजली जाते, आणि घास तोंडात घालण्याआधी टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाने आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगायचं असतं. स्टॅम्परांच्या घरात ही वाक्यं वर्षानुवर्षं तीच होती. कुणी म्हणायचं तब्येत, कुणी म्हणायचं कुटुंब, आणि ग्लेंडाचा नवरा वेंडेल म्हणायचा, "ग्रेव्ही." सगळे हसायचे आणि कुस्करलेल्या बटाट्याचं भांडं फिरायला लागायचं. त्या टेबलावर कुणी कधी मनातलं बोलल्याचं कुणालाच आठवत नाही.

मनातलं बोलणं व्हायचं ते दुसऱ्या दिवशी. गुरुवारचा पेपर यायचा तो जाहिरातींनी फुगून उशीएवढा. जेवणं झाली की पुरुष टीव्हीवरच्या फुटबॉलसमोर पेंगायला जायचे आणि बायका त्याच टेबलावर जाहिराती पसरून बसायच्या. टॉवेलांकडे कुणी धावायचं, टीव्ही कुणी धरून ठेवायचा, हे ग्लेंडा ठरवायची. मग पहाटेच्या अंधारात घडीच्या खुर्च्या, कॉफीचा थर्मास, उरलेल्या टर्कीची सँडविचं आणि ग्लेंडाच्या आईने शिवलेली मोठी गोधडी घेऊन सगळ्याजणी हायवेवरच्या हॅडलीजसमोर हजर. दार उघडायला बराच अवकाश असायचा. एकाच गोधडीखाली तिघीतिघी गुडघे घालून बसायच्या, नजर समोरच्या बंद दाराकडे. एकमेकींच्या डोळ्यांत बघायचं नसलं की बोलणं सोपं जातं.

ग्लेंडाच्या आईने छातीतल्या गाठीबद्दल पहिल्यांदा सांगितलं ते तिथे. बहीण आर्लीन दारू सोडणार असल्याचं बोलली ती तिथे, कपाभोवती दोन्ही हात गुंडाळून. ग्लेंडाची लेक टॅम्रा हिने बापाची नवी गाडी आपणच खांबावर नेल्याचं कबूल केलं तेही तिथेच. वेंडेल मात्र आजतागायत त्या पोच्यासाठी एका हरणाला शिव्या देतो.

रांगेचे नियम दोन. पहिला ग्लेंडाचा: दुसऱ्यासाठी जागा धरून ठेवायची नाही, उशिरा येईल तो शेवटी उभा राहील. दुसरा तिच्या आईचा: रांगेतलं रांगेतच. तिथे बोललेलं घरी न्यायचं नाही. सवलतीत घेतलेले टॉवेल विरून फडकी झाली, पण हे दोन नियम कधी मोडले नाहीत.

पुढे दुकानांनी सवलती आठ-आठ दिवस आधीच द्यायला सुरुवात केली, फोनवर बोट दाबलं की माल दारात यायला लागला, आणि रांग हळूहळू विरली. आर्लीनचे गुडघे गेले. सून मिसी पहिल्यापासूनच थंडीला भिणारी. टॅम्रा लग्न करून लुइव्हिलला गेली. ग्लेंडानेही खुर्च्या गॅरेजात टांगून टाकल्या होत्या. त्या पुन्हा खाली काढायची वेळ आली ती नाताळच्या जेवणामुळे.

आदल्या नाताळात टॅम्राने नवरा सोडल्याचं सगळ्यांना समजलं होतं. टेबलावर कुणी तो विषय काढत नव्हतं. ग्लेंडाने काढला. हॅम कापता कापता ती सगळ्यांदेखत म्हणाली, "ब्रेंट पीत नाही, हात उगारत नाही, पगार घरी आणतो. एवढ्यावर बायका जन्म काढतात. तुला काय आभाळातून उतरलेला हवा होता?" टॅम्राने नॅपकिनची घडी घालून ताटाशेजारी ठेवली, कोट चढवला आणि गाडी काढून निघून गेली.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर तिच्या तोंडून 'मॉम' हा शब्द निघाला नाही. फोन यायचा तो बापाला. "तुझ्या बायकोला सांग, पार्सल मिळालं," असा निरोप यायचा आणि वेंडेल तो जसाच्या तसा पोचवायचा. ग्लेंडा वरून ताठ होती. शाळेत कुणी लेकीबद्दल विचारलं तर मजेत आहे म्हणायची. आतून मात्र ती भ्यायली होती. लेक रुसली असती तर तिने समजूत काढली असती, पण ही रुसलेली नव्हती, ही दूर चालली होती, आणि एकदा का माणूस असं शांतपणे दूर गेलं की परत फिरत नाही हे ग्लेंडाला पक्कं कळत होतं.

त्या थँक्सगिव्हिंगला टॅम्रा आली ती बापासाठी, हे तिने आल्या आल्या स्पष्ट केलं. मुलगा कर्टिस, मिसी आणि त्यांची पोरं यांनी खोल्या भरलेल्या, म्हणून टॅम्राच्या वाट्याला बैठकीतला सोफा आला. जेवताना ती पोरांशी हसली, आत्याबाई म्हणून मिरवली, आर्लीनमावशीच्या ताटात वाढलं. आईच्या बाजूला ठेवलेले पाव हवे होते तेव्हा मात्र टेबलाच्या मधोमध बघत म्हणाली, "पाव इकडे." ग्लेंडाने टोपली सरकवली. आभार मानायची पाळी आली तेव्हा टॅम्रा म्हणाली, "माझं राहू दे." ग्लेंडा नेहमीसारखं तब्येत म्हणाली, आणि वेंडेल ग्रेव्ही.

जेवणानंतर ग्लेंडाने पेपर उलगडला. आत जेमतेम दोन जाहिराती होत्या, त्यातली एक गाडीच्या टायरांची. तरी तिने त्या टेबलावर पसरल्या आणि सांगून टाकलं की सकाळी आपण हॅडलीजला जाणार. मिसीने गोड आवाजात समजावून पाहिलं की तिथे आता काहीही वेगळं मिळत नाही. वेंडेलने विचारलं, "तुला हवंय तरी काय?" ग्लेंडा म्हणाली, ते आत गेल्यावर बघीन. मग जरा मोठ्याने, सोफ्याकडे ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "गाडीत दोन खुर्च्या टाकतेय." टॅम्राने फोनमधून मान वर केली नाही.

भांडी पुसताना आर्लीन हळूच म्हणाली की तिच्याशी बोलायचंय तर इथेच बोल, सरळ टेबलावर. ग्लेंडाने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने चर्चमध्ये पत्ते कुटायला सांगितले होते. टेबल जेवायला असतं. लेकीला रांगेत आणायची, तिथे ती आपणहून बोलेल, मग तिढा सुटेल. एवढा सगळा हिशेब तिने मनाशी पक्का केला होता, आणि त्यात स्वतः काही बोलायचं कुठे येतच नव्हतं.

पहाटे ती निघाली तेव्हा टॅम्रा सोफ्यावर अंग चोरून झोपली होती. पातळ पांघरूण खाली घसरलेलं. ग्लेंडाच्या काखेत आईची गोधडी होती. हिला हलवून उठवावं असं तिच्या मनात एकदा येऊन गेलं. पण ओढून आणलेली लेक तिला नको होती. तिने गोधडी उलगडून टॅम्राच्या अंगावर घातली, पायाकडून नीट खोचली आणि बाहेर पडली.

हॅडलीजसमोरचं पार्किंग रिकामं होतं, डांबरावर पांढरं दंव. ग्लेंडाने दाराला अगदी भिडून दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर स्वतः बसली, दुसरीवर पर्स ठेवली. आत झाडू मारणारा काचेजवळ आला आणि दुकान उघडायची वेळ लिहिलेल्या पाटीवर त्याने बोट ठेवलं. ग्लेंडाने मान हलवली आणि थर्मास उघडला. थंडी बुटांतून वर चढत होती. या वयात काय हा वेडेपणा, असं तिचं तिलाच वाटलं, पण उठायचा विचार मात्र तिच्या मनाला शिवला नाही.

थोड्या वेळाने रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या एका नर्सची गाडी हळू झाली. काच खाली करून तिने विचारलं, "काय देतायत?"

"काही नाही," ग्लेंडा म्हणाली. "माझ्या माहितीत तरी नाही."

आता आमच्या लोकांना हे असलं उत्तर द्यावं का. दंव पडलेल्या पहाटे दोन खुर्च्या मांडून बसलेली बाई जेव्हा काही नाही म्हणते, तेव्हा नक्की काहीतरी मोठं असतं, असाच कुणीही अर्थ काढणार. नर्सने गाडी लावली आणि ती मागे येऊन उभी राहिली. तिने बहिणीला फोन केला. बहिणीने शेजारणीला. हळूहळू एकामागून एक गाड्या वळायला लागल्या. कुणी म्हणालं टीव्ही, कुणी म्हणालं विजेवर तापणारी ब्लँकेटं, फोनवर मिळतच नाहीत अशी. ग्लेंडा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती की आत काहीसुद्धा नाही. ती जसजशी सांगे तसतशी रांग वाढे. बघता बघता ती इमारतीला वळसा घालून मागच्या कचऱ्याच्या पेट्यांपर्यंत गेली.

पुढच्या चार-पाच जणांत रँडल कॉब होता. शिकारीला निघालेला धिप्पाड गडी, डोक्यावर नारिंगी टोपी, तोही गाजरांवर वाढलेला. त्याने बराच वेळ त्या पर्सकडे पाहिलं आणि शेवटी विचारलं, "मिस ग्लेंडा, दुसरी खुर्ची कुणाची?"

"माझ्या मुलीची. येईल ती."

"जागा धरायची नाही, मॅडम. तुमचाच नियम. मी शाळेत होतो, माझी आई पुढे उभी होती, आणि तुम्ही मला पार कोपऱ्यापर्यंत पिटाळलं होतंत."

लोक हसले. ग्लेंडा म्हणाली की ही जागा नाहीच, ही पर्ससाठी आणलेली खुर्ची आहे. रँडलने टोपी मागे सारली आणि म्हणाला, बरं, मग पर्सला पहिली आत जाऊ द्या. ग्लेंडाने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो गप्प बसला, पण नियम तिचाच होता आणि तो बरोबर बोलत होता, हे तिला कळत होतं.

उजाडायला लागलं तेव्हा टॅम्राची गाडी आली. झोपायच्या कपड्यांवर कोट, केस कसेबसे बांधलेले, छातीशी गोधडीचा बोचका. ती सरळ दाराशी आली. रांगेतून कुरकुर उठली आणि रँडल बऱ्या शब्दांत म्हणाला, "शेवटी, टॅम्रा." तिने त्याच्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. मग गोधडी आईच्या मांडीवर ठेवली. "कुडकुडून मरशील," एवढंच म्हणाली आणि वळली.

ती आता गाडीकडे जाणार असं ग्लेंडाला वाटलं. पण टॅम्रा गाडीवरून पुढे गेली, रांगेच्या कडेकडेने चालत कोपऱ्याआड गेली आणि शेवटी जाऊन उभी राहिली. शेवटी स्टॅम्परांचीच पोर. नियम तो नियम.

ग्लेंडा उठली. पायांत मुंग्या आल्या होत्या. तिने दोन्ही खुर्च्या घडी करून काखेत मारल्या, गोधडी खांद्यावर टाकली.

"मिस ग्लेंडा, नंबर जाईल तुमचा," रँडल म्हणाला.

"जाऊ दे."

ती अख्ख्या रांगेसमोरून मागे निघाली तेव्हा लोक चपापले. मागे दुसरं दार आहे की काय, अशी कुजबुज सुरू झाली. दोघंतिघं तर वळलीसुद्धा. ग्लेंडाने कुणाला उत्तर दिलं नाही. कचऱ्याच्या पेट्यांशेजारी टॅम्रा उभी होती. तिथे तिने खुर्च्या मांडल्या. दोघी बसल्या, गोधडी दोघींच्या गुडघ्यांवर, नजर समोर.

ग्लेंडा वाट बघत राहिली. आता ही बोलेल, मग बोलेल. टॅम्रा बोलली नाही. कॉफी घेतली, कप परत केला. आणि तेव्हा कुठे ग्लेंडाच्या लक्षात आलं की बोलायचं लेकीने नसून आपल्याला आहे.

"फर्निचरचा कारखाना बंद पडला ते वर्ष," ती म्हणाली. "तू लहान होतीस. तुझा डॅड सोफ्यावर बसला तो उठेचना. महिनोन् महिने घरात शब्द नाही. मी एक बॅग भरली. तुझे कपडे, कर्टिसचे कपडे. गाडीच्या डिकीत ठेवली. रोज सकाळी वाटायचं, आज निघायचं. निघाले नाही. मग तो आपला आपण सावरला आणि मी बॅग रिकामी केली."

टॅम्राने मान वळवली नाही, पण ती ऐकत होती.

"तू निघालीस. मला जे जमलं नाही ते तू केलंस. मला त्याचा राग आला, टॅम. ब्रेंटचं मला काय पडलंय. मी चुकले. त्या दिवशी फार वाईट बोलले."

टॅम्राने गोधडीची कड ओढून घेतली. तिचे डोळे भरून आले होते. पण आवाज निघाला तो आईचाच, तस्साच ठाम.

"हे तू इथे सांगतेस."

"रांगेत म्हणून..."

"रांगेतलं रांगेतच, माहीत आहे मला. मला तू फाडलंस ते टेबलावर, सगळ्यांसमोर. आणि चुकले म्हणतेस ते इथे, कचऱ्याच्या पेटीशी, जिथे कुणी ऐकत नाही. घरी गेल्यावर पुन्हा मीच तऱ्हेवाईक."

"टेबलावर तुझा डॅड असतो," ग्लेंडा म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज लहान वाटला.

"असतो ना," टॅम्रा म्हणाली आणि तिने नाक पुसलं.

तेवढ्यात पुढे दार उघडलं आणि रांग धावली. मायलेकी आत गेल्याच नाहीत. त्यांनी खुर्च्या गाडीत टाकल्या, तोवर रँडल बाहेर आला. त्याच्या हातात मोज्यांचं पुडकं होतं. "आत खरंच काही नाही," तो चिडून म्हणाला.

"सांगितलं होतं मी," ग्लेंडा म्हणाली.

शुक्रवारी दुपारी घरात उरलंसुरलं खायचं असतं. टर्कीचे तुकडे, आदल्या दिवशीची फरसबी, गरम केलेले पाव. सगळे बसले. वेंडेलने काटा उचलला. ग्लेंडा बसली नाही. शाळेच्या जेवणघरात उभी राहते तशी ती आपल्या खुर्चीमागे उभी राहिली. फरक एवढाच की खुर्चीची पाठ तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तिला मनातून पळून जावंसं वाटत होतं. ती हलली नाही.

काल मी तब्येत म्हटलं, ती म्हणाली, ते उगाच म्हटलं. मी टॅम्राबद्दल आभारी आहे. नाताळात मी तिला याच टेबलावर जे बोलले ते चुकीचं होतं, आणि ते का बोलले हेही सांगते. मग तिने सगळं सांगितलं. कारखाना, सोफा, बॅग, रोजच्या सकाळी. काहीही गाळलं नाही, आणि सांगताना पहिल्यापासून शेवटपर्यंत वेंडेलकडे बघत राहिली. मिसीचा घास हातातच राहिला. कर्टिस ताटात बघत होता.

वेंडेलने काटा खाली ठेवला.

"निळी बॅग," तो म्हणाला. "पट्टा तुटलेली."

ग्लेंडाने होकारार्थी मान हलवली.

"टायर बसला होता. दुसरा काढायला मी डिकी उघडली. बॅगेची चेन अर्धी उघडी, वर पोरीचा पिवळा स्वेटर. तशीच बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या बसगाड्यांच्या गॅरेजात गेलो आणि काम मागितलं."

"कधी बोलला नाहीस."

"तू तरी कुठे बोललीस?"

एवढं बोलून तो पुन्हा काटा शोधायला लागला. तो त्याच्या हाताशीच होता, पण त्याला सापडत नव्हता. आर्लीनने तो उचलून त्याच्या हातात दिला. टेबलावर कुणालाच पुढे काय करायचं ते सुचेना, कारण या घरात असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"मॉम," टॅम्रा म्हणाली. "पाव दे इकडे."

टोपली टॅम्राच्या हाताशीच होती. ग्लेंडाने खुर्ची सोडली, टेबलाला पूर्ण वळसा घालून तिच्यापाशी गेली आणि टोपली उचलून तिच्या हातात दिली.